आतल्या कपड्यांची उघड चर्चा

(वांद्रे पूर्वेला वस्तीपातळीवरच्या महिला मंडळांच्या आरोग्य बैठकीत केलेलं हे भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय फळ्यावर लिहायला कुणी तयार होईना, म्हणून शेवटी 'व्यायामाचे कपडे' असं लिहिलंय. मला बोलायचंय ते व्यायामाच्या वेळी आत काय घालायचं, आणि काही घालायचंच का, याबद्दल. एकदा हसून घ्या. हसून झालं की बोलू.

विषय निघाला तो असा. व्यायाम सुरू करून मध्येच सोडलेल्या बायकांशी मी बोलत होते. कुणी जिमला जायच्या, कुणी बागेतल्या यंत्रांवर, कुणी मंडळाच्या हॉलमध्ये झुंबा करायच्या. का सोडलं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं, 'वेळ नाही हो ताई.' पण हीच बाई चार महिने पहाटे पाच वाजता उठून पाणी भरून, डबे करून वेळेवर हजर राहत होती. मग चहा होतो, दार लोटलं जातं आणि खरं कारण बाहेर येतं. जांघेत काचतं. खाज सुटते, चारचौघांत खाजवता येत नाही. धावलं की छाती दुखते आणि समोरचा बघतो. एकीनं तर मान खाली घालून सांगितलं की दोरीवरच्या उड्या मारताना लघवीचे थेंब गळतात, म्हणून बंद केलं. वय किती, तर छत्तीस. साखर वाढलेली, डॉक्टरांनी व्यायाम सक्तीचा सांगितलेला. म्हणजे ज्या बाईला व्यायामाची सगळ्यात जास्त गरज, ती एका चड्डीपायी घरी बसली. हे हसण्यावारी न्यायचं नाही.

आपल्याकडे पुरुषांच्या व्यायामाची सुरुवातच मुळी आतल्या कपड्यापासून होते. पोरगा तालमीत गेला की आधी लंगोट लावायला शिकतो. किती आवळायचा, टोक कुठे खोचायचं, हे वस्ताद चार पोरांदेखत शिकवतो. मल्लखांबावर लंगोट, कुस्तीत लंगोट. तो धुऊन तालमीच्या दाराशी उन्हात वाळत पडतो, आणि कुणाची मान खाली जात नाही. भाषेतसुद्धा त्याला मान आहे. चांगल्या चालीचा पुरुष म्हणजे 'लंगोटाचा पक्का'! आणि आपल्या आतल्या कपड्यांना काय म्हणतो आपण? 'आतले', 'ते', फार तर 'बॉडी'. दुकानात गेलं की 'ते दाखवा जरा' म्हणून बोट करायचं. ज्याचं नाव घेता येत नाही त्याचं माप तरी कसं सांगणार?

आपल्या आज्यांकडे सोय अगदीच नव्हती असंही नाही. चिंबईच्या, खारदांड्याच्या कोळणीचा गुडघ्यापर्यंतचा काष्टा आठवा. डोक्यावर पाटी घेऊन ती झपाझप चालायची, वाकायची, उकिडवी बसायची, आणि कापड जागचं हलायचं नाही. पुढं गाठ मारायची चोळी घ्या. आज अंग सुजलंय, गाठ सैल. उद्या मेहनतीचं काम आहे, गाठ घट्ट. माप बाईच्या हातात होतं. मला जुन्या दिवसांचं कौतुक करायचं नाही. तो काष्टा राबण्यासाठी होता, तिच्या स्वतःच्या व्यायामासाठी नव्हता. पण पाचवारी, परकर आणि हुकाची तयार बॉडी आली, तसं माप कंपनीकडे गेलं. चौतीस म्हणजे चौतीस, मग तुमचं अंग त्यात बसो न बसो.

धावणाऱ्या बाईसाठी वेगळी ब्रेसियर हवी हे कंपन्यांच्याही फार उशिरा ध्यानात आलं, आणि तेही बायकांनीच दाखवून दिलं. १९७७ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात लिसा लिंडाल नावाच्या बाईला धावताना त्रास व्हायचा. पुरुषांना खेळताना आधार देणारा लंगोटासारखा पट्टा मिळतो, मग आपल्याला का नाही, असं दोघी बहिणींचं फोनवर थट्टेत बोलणं झालं. लिसाची मैत्रीण पॉली स्मिथ नाटकाचे कपडे शिवायची. तिनं आणि हिंडा मिलरनं असे दोन पुरुषी पट्टे उसवून एकमेकांना जोडले, आणि ती पहिली स्पोर्ट्स ब्रा झाली. पुढे 'जॉगब्रा' नावानं ती बाजारात आली. या तिघींची नावं २०२२ साली अमेरिकेतल्या संशोधकांच्या मानाच्या यादीत गेली. दोन लंगोट जोडून आपली चोळी झाली, असं मी वस्तीत सांगते. बायका टाळ्या देऊन हसतात, पण मुद्दा लक्षात राहतो.

आता कामाचं बोलते. स्तनात स्नायू नसतो. आतले नाजूक तंतू आणि वरची कातडी यांच्या आधारावर तो असतो. धावताना तो नुसता वर-खाली होत नाही, आडवा आणि मागं-पुढंही हलतो. म्हणून दुखतं. यात लाजण्यासारखं काय आहे? मान दुखते तेव्हा आपण सांगतोच ना. आधार मिळतो तो मुख्यतः छातीखालच्या पट्ट्यातून, खांद्यावरच्या पट्ट्यांतून नव्हे. आपण नेमकं उलटं करतो. खालचा पट्टा सैल घेतो आणि खांद्याचे पट्टे आवळून रक्त साकळेपर्यंत ओढतो. पट्टा सपाट बसला पाहिजे, त्याखाली दोन बोटं जावीत, हात वर केला की तो वर सरकू नये. दुकानात घालून बघताना जागच्या जागी चार उड्या मारा. दुकानदार बघेल? बघू दे, पडदा आहे ना! पडदा नसेल तर तिथून घेऊ नका. चालणं, योगासनं, वजनं उचलणं यांना हलका आधार पुरतो. धावणं आणि झुंबा यांना घट्ट लागतो. लिंकिंग रोडच्या फूटपाथवर दोन-तीनशेत मिळते तीही चालते, पण आधी ताणून बघा. ताणून सोडल्यावर पूर्ववत झाली नाही तर तीन धुण्यांत तिची पिशवी होईल. नेहमीच्या दोन ब्रेसियर एकावर एक घालणाऱ्याही खूपजणी भेटतात. ती अडचणीतली युक्ती आहे. श्वास कोंडत असेल तर ती सोडा.

खाली काय घालायचं याचं एकच उत्तर नाही. रोजच्यासाठी सुती बरं असं डॉक्टर सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण सुती कापड घाम पिऊन ओलं राहतं. तासभर घाम गाळायचा आणि मग त्याच ओल्या चड्डीवर घरी येऊन आधी पोरांचं आवरायचं, त्यात जांघ सोलवटते आणि गजकर्णाला आयतं घर मिळतं. व्यायामासाठी घाम बाहेर टाकणारं पातळ, बिनशिवणीचं कापड आणि दोन पायांच्या मधोमध सुती तुकडा, हे सोयीचं पडतं. बारीक पट्टीची चड्डी कुणाला आवडते, कुणाला रुतते. पाळीच्या दिवसांत पॅड सरकतं म्हणून कुणी घट्ट निकर घालतात, कुणी कप वापरतात. ज्याचं त्याचं अंग.

आणि काहीच घातलं नाही तर? हा प्रश्न चिठ्ठीवर लिहून आलाय, नाव नाही. बाई, विचारलंस ते बरं केलंस. सायकल चालवणाऱ्यांची आत गादी असलेली जी तुमान असते, ती मुळात चड्डीशिवाय घालण्यासाठीच बनवलेली असते, कारण चड्डीची शिवणच काचते. नेहमीच्या लेगिंगचं कापड जाड असेल, मध्ये बोचरी शिवण नसेल आणि ती दर वेळी धुतली जात असेल, तर आत काही न घालण्यानं आरोग्याचं काही बिघडत नाही. 'शोभतं का?' असं कुणी म्हणालं तर विचारा, नऊवारीखाली आपल्या पणजीनं कोणती निकर घातली होती? पण जिला घातल्याशिवाय मोकळं वाटत नाही तिनं घालावीच. मोकळेपणाची सक्ती तरी कशाला?

कपड्याइतकंच वाळवण्याकडे बघा. आपल्याकडे बाईचे आतले कपडे टॉवेलखाली, नाहीतर मोरीत दाराच्या मागं वाळतात. मुंबईच्या पावसाळ्यात तिथं ते वाळतच नाहीत, नुसते कुबट होतात. दमट चड्डी रोज चढवायची आणि खाज आली की औषधाच्या दुकानातून कुणी सांगितलेलं मलम आणायचं. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. आठ दिवस बरं वाटतं, मग चकंदळं दुप्पट होऊन परत येतं, आणि अंथरुणा-टॉवेलातून घरभर पसरतं. त्वचेचे डॉक्टर आज हेच सांगून थकलेत. बेहरामपाड्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीत ऊन कुठून आणायचं, हा प्रश्न खरा आहे. पण जिथं दोरी आहे तिथं नवऱ्याचा बनियन उन्हात आणि बायकोची बॉडी टॉवेलखाली, हे ऊन कमी आहे म्हणून होत नाही. ऊन नसेल तर इस्त्री फिरवा.

त्या छत्तीस वर्षांच्या बाईकडे परत येते. बाळंतपणांनंतर ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात आणि उडी मारताना, शिंकताना लघवी गळते. हे फार बायकांना होतं. याला उत्तर जाड पॅड नाही आणि घरी बसणं तर नाहीच. लघवी रोखताना जे स्नायू आवळतात, तेच रिकामेपणी आवळायचे, सोडायचे. निदान तीन महिने रोज. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या, कारण पुष्कळजणी पोट आवळतात आणि खालचं तसंच राहतं. तोवर उड्यांऐवजी चाला, वजनं उचला. ती आता चालायला येते. दोरीवरच्या उड्यांचं बघू.

आता कुणी काय घालावं हे ठरवतं कोण, यावर थोडं. घरचे 'झाका' म्हणतात आणि खेळाचा बाजार 'दाखवा' म्हणतो. २०२१ साली बल्गेरियात वाळूवरच्या हँडबॉलच्या युरोपीय स्पर्धेत नॉर्वेच्या मुली बिकिनीच्या चड्डीऐवजी आखूड तुमान घालून उतरल्या, तर त्यांना पंधराशे युरो दंड झाला. पुरुष खेळाडू त्याच वाळूत आखूड तुमानीतच खेळत होते! जगभर ओरड झाली आणि २०२२ पासून नियम बदलला. तरी नव्या नियमात बायकांची तुमान 'घट्ट' असावी हे राहिलंच. विंबल्डनमध्ये पांढऱ्या स्कर्टखाली गडद रंगाची चड्डी घालायची मुभा २०२३ साली मिळाली. पाळीची धास्ती घेऊन पांढऱ्यात खेळणाऱ्या बायकांनी मागणी लावून धरली तेव्हा. बेहरामपाड्यातली मुलगी बुरख्याखाली ट्रॅकपँट घालून येते आणि पाली हिलची नुसत्या स्पोर्ट्स ब्रावर धावते. दोघींवर टीका करणारे पुष्कळदा तेच असतात.

जिमबद्दलही बोललं पाहिजे. एका जिममध्ये मी स्वतः वर्षाची फी भरली होती. कपडे बदलायच्या खोलीला कडी नव्हती. तीनदा सांगितलं, तर 'मॅडम, इथे कुणी येत नाही' हे उत्तर. मी सोडलं, पैसे गेले. पण कायदा काय सांगतो ते माहीत असू द्या. फक्त आतल्या कपड्यांवर असलेल्या बाईला खाजगी जागी चोरून बघणं किंवा तिचा फोटो काढणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद. आणि जिममध्ये ट्रेनरनं अंगचटीला येणं, कपड्यांवरून घाणेरडं बोलणं, यासाठी २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. त्यातल्या 'कामाच्या ठिकाणा'त खेळाची आणि प्रशिक्षणाची ठिकाणंही येतात, आणि तक्रार करणारी बाई तिथली नोकर असावी लागत नाही. दहाहून कमी माणसं कामाला असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. उपनगर जिल्ह्याचं जिल्हाधिकारी कार्यालय आपल्या वांद्रे पूर्वेलाच आहे, रिक्षाच्या अंतरावर.

एच-पूर्व आणि एच-पश्चिम वॉर्ड ऑफिसला द्यायचं पत्र मी लिहून आणलंय. महापालिकेच्या व्यायामशाळांत बायकांसाठी कडी असलेली कपडे बदलायची खोली, पाणी, पॅडसाठी झाकणाची बादली आणि खुंट्या. एवढंच मागितलंय. वाचा, काही राहिलं असेल तर भर घाला, मग सह्या करा. मापाच्या दोन टेप आणल्यात. ज्यांना माप घ्यायचंय त्यांनी मागच्या खोलीत यावं, तिच्या दाराला कडी आहे.