रंगीत घनाच्या चाली वाचणे



कर्जतच्या किंवा खोपोलीच्या बाजारात घेतलेला सहा रंगांचा क्यूब एखाद्या मुलाच्या दप्तरातून वर्गात येतो, आणि बहुधा त्याची रवानगी गुरुजींच्या कपाटात होते. त्याच्याबरोबर आलेली घडीची चिठ्ठी कोणी उलगडून पाहत नाही. तिच्यावर आर, यू, एफ अशी इंग्रजी अक्षरे ओळीने छापलेली असतात. काहींच्या खांद्यावर बारीकशी रेघ असते, काहींच्या पुढे २ हा आकडा असतो. खेळणे कपाटात गेले तर फारसे बिघडत नाही. चिठ्ठी वाया जाते हे नुकसान मोठे; कारण धडा वाचताना जे मूल अडखळते त्याच्याही हाती विश्वासाने देता येईल असा एक वाचनपाठ तिच्यात आहे.

हा घन हंगेरीतील वास्तुविशारद व अध्यापक एर्नो रुबिक यांनी १९७४ साली बुडापेस्ट येथे तयार केला, आणि १९८० पासून तो जगभर विकला जाऊ लागला. त्याच सुमारास लंडनमध्ये गणित शिकविणारे डेव्हिड सिंगमास्टर यांनी चाली लिहिण्याची जी पद्धत आपल्या टिपणांतून प्रसृत केली, तीच आज सर्वत्र रूढ आहे. तिचे मर्म एकाच निर्णयात आहे : बाजूला तिच्या रंगावरून नव्हे, तिच्या स्थानावरून नाव द्यावयाचे. घन फिरू लागला की रंग विखुरतात; परंतु हातात धरलेल्या घनाची उजवी बाजू ती उजवीच राहते.

असे असता इंग्रजी अक्षरांचा आग्रह धरण्याचे काहीच कारण उरत नाही. उजवी, डावी, वरची, खालची, समोरची, मागची या सहा शब्दांची आद्याक्षरे उ, डा, व, खा, स, मा. एकही दुसऱ्याशी गोंधळत नाही. ठाकर वा कातकरी वाडीवरील मुलांच्या घरच्या बोलीत एखाद्या दिशेला निराळा शब्द असेल, तर त्याचे अक्षर घ्यावे. नुसते अक्षर म्हणजे ती बाजू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा फिरविणे. अक्षराच्या खांद्यावर रेघ असेल, जसे उ′, तर तोच पाव फेरा उलट दिशेने. उ२ म्हणजे अर्धा फेरा. एवढ्यात सारी वर्णमाला संपते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलिपीत अक्षराखालची आडवी रेघ स्वर कोमल करते, खालचा बिंदू तो मंद्र सप्तकात नेतो. अक्षर तेच, चिन्हाने अर्थ पालटतो. संगीत शिकलेल्या शिक्षकाला ही रेघ परकी वाटू नये.

अडचण येते ती दिशेची. ‘घड्याळाच्या दिशेने’ म्हणजे कोणाच्या घड्याळाच्या? नियम असा की, जी बाजू फिरवावयाची तिच्याकडे तोंड करून पाहिल्यावर जी दिशा दिसेल ती. उजव्या बाजूला हा नियम लावला की तिचा समोरचा उभा स्तंभ वर जातो. डाव्या बाजूला तोच नियम लावला की समोरचा स्तंभ खाली येतो, आणि येथे बहुतेक मुले (व पुष्कळ प्रौढही) फसतात. बैलगाडीचे उदाहरण द्यावे. गाडी पुढे चालली असता तिची दोन्ही चाके एकाच दिशेने धावतात. तथापि गाडीच्या उजव्या अंगाला उभ्या असलेल्या मुलाला आपल्याकडचे चाक घड्याळाप्रमाणे फिरताना दिसते, डाव्या अंगाच्या मुलाला नेमके उलटे दिसते. म्हणून दोन्ही चाके पुढे न्यावयाची तर लिहावयाचे उ डा′. मैदानात गाडी नसेल तर जुने टायर पुरे. दोन मुलांना दोन बाजूंस उभे करून प्रत्येकाला दिसते ते सांगावयास लावले, की वाद होतो. तो वाद मिटविण्याची घाई शिक्षकाने करू नये.

वरची बाजू फिरली की समोरची वरची ओळ डावीकडे जाते. खालची फिरली की समोरची खालची ओळ उजवीकडे. मागची बाजू सर्वांत कठीण. ती पहिल्या आठवड्यात घेऊच नये.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावयाची. शिक्षक वर्गाकडे तोंड करून घन दाखवील तर त्याचे उजवे ते मुलांचे डावे होईल. दाखविताना त्याने मुलांकडे पाठच केली पाहिजे. चौथीच्या वर्गाकडे पाठ करणे कोणाही शिक्षकाला फारसे रुचत नाही. पण येथे इलाज नाही.

पहिली ओळ म्हणून उ व उ′ व′ ही द्यावी. घन जुळलेला असावा. या चार चाली एकदा केल्या की रंग विस्कटतात, दुसऱ्यांदा अधिक विस्कटतात. ओळ सहा वेळा पूर्ण झाली की घन पुन्हा जुळलेला हाती येतो. एकूण चाली २४. त्यांत एकही रेघ वाचावयाची राहिली तर घन जुळत नाही. पाटीवरचे गणित चुकले तर पायऱ्या मागे लिहिलेल्या असतात. घनावर मागची खूण राहत नाही. यासाठी मुलांच्या जोड्या कराव्यात : एकाने मोठ्याने वाचावे, ‘उ, व, उ उलट, व उलट’, आणि दुसऱ्याने फिरवावे. वाचण्याचे काम वाचनात मागे असलेल्या मुलाकडे द्यावे. त्याच्या चुकीवर बोट ठेवण्यास शिक्षक लागत नाही आणि वर्ग हसत नाही. घन जुळला नाही एवढेच दिसते, आणि ते मूल आपण होऊन ओळीच्या आरंभी परत जाते. हातांनी पाठ केलेल्या चाली झरझर करून दाखविणारी मुले कौतुकास पात्र आहेत. परंतु नवी ओळ पुढे ठेवताच त्यांच्यापैकी किती वाचू शकतात, ते पाहावे.

नंतर उ२ व२ ही ओळ घ्यावी. तीही सहा आवर्तनांनी मूळ पदावर येते. मात्र तिसऱ्या आवर्तनाअखेर थांबून पाहिले तर कडांचे केवळ चार तुकडे जागा बदललेले दिसतात, बाकी सर्व ठीक असते. नुसत्या उ व या दोन चालींना १०५ आवर्तने लागतात. मोजदाद चुकणार हे गृहीत धरून प्रत्येक आवर्तनाला एक चिंचोका बाजूला टाकावा.

केलेले मोडणे हा पुढचा पाठ. कर्जतहून खोपोलीला जाताना पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी स्थानके लागतात. येताना लौजी प्रथम येते. क्रम उलटतो, आणि वाटेतले प्रत्येक वळणही उलटते : जाताना उजवे ते येताना डावे. म्हणून उ व ही जोडी मोडावयाची तर व′ उ′ असे लिहावे. मुले हमखास उ′ व′ लिहितात. ते करून पाहू द्यावे. घन जुळत नाही.

या घनाच्या एकूण मांडण्या ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० इतक्या आहेत. असे असूनही कोणतीही मांडणी २० किंवा त्याहून कमी चालींत जुळते, हे २०१० साली संगणकांच्या साहाय्याने सिद्ध झाले. त्यात अर्धा फेरा ही एकच चाल धरलेली आहे. तेव्हा कोणत्याही मांडणीचे वर्णन कागदाच्या एका ओळीत मावते. कशेळ्याच्या शाळेने पांढरी बाजू वर व हिरवी समोर धरून दहा चाली कराव्यात, त्या चिठ्ठीवर लिहाव्यात आणि चिठ्ठी वावोशीच्या शाळेला धाडावी. स्वस्त घनांवर रंगांची मांडणी कधी निराळी असते, ती आधी ताडून घ्यावी. वावोशीच्या मुलांनी तसाच घन धरून ओळ वाचावी, आणि आपल्या सहा बाजूंची नऊ-नऊ घरे रंगवून उलट टपाली पाठवावीत. घरे जुळली नाहीत तर चूक वाचणाऱ्याची की लिहिणाऱ्याची, हे दोन्ही शाळांतील मुलांनी आपापली चिठ्ठी पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचून ठरवावे.