कोळशावरील धातू
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्यातील काही तरुण आज औषधांच्या कारखान्यांत काम करीत आहेत. म्हणून आम्ही हा विषय निवडिला.

हायड्रोजन वायू इतर पदार्थांशी सहजासहजी संयोग पावत नाही. त्यास उत्प्रेरकाची मध्यस्थी लागते. निकेलचा हा गुण फ्रान्समध्ये पॉल साबातिए यांनी १८९७ साली दाखविला. १९१२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होत.

पॅलेडियम धातू याहून तत्पर, पण महाग. त्याचा गोळा घेतल्यास आतील कण वाया जातात. म्हणून त्याचे क्लोराइड आम्लमिश्रित पाण्यात विरघळवून सच्छिद्र कोळशाच्या पुडीत मुरवितात व हायड्रोजनने पुन्हा धातुरूपास आणितात. अशा एक ग्रॅम कोळशाचा अंतर्बाह्य पृष्ठभाग सुमारे १००० चौरस मीटर भरतो! त्यामुळे शंभरांत पाच भाग धातूही पुरतो.

परंतु हीच पसरण घातकही ठरते. काम झाल्यावर गाळताना हा उत्प्रेरक कोरडा पडला, तर हवा लागताच पेट घेऊ शकतो. जवळ मद्यार्काची वाफ असल्यास आग भडकते. यास्तव तो नायट्रोजनच्या आवरणाखाली गाळावा व सदैव पाण्याने ओला ठेवावा.

मुलांस आपण वेतन विचारतो. ही खबरदारीही विचारीत जावी, एवढीच आमची विनंती.