माणसे मिळत नाहीत, की घडवली जात नाहीत?

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने शाळेच्या वाटचालीविषयी बोलावे, अशी प्रथा आहे. ती वाटचाल स्मरणिकेत सविस्तर येणारच आहे. म्हणून आज मी तुमच्याच एका अडचणीविषयी बोलणार आहे. तुमच्यापैकी अनेकजण या हैदराबादेत तंत्रज्ञानविषयक सल्ला-सेवा देणाऱ्या कंपन्यांत जबाबदारीच्या पदांवर आहेत. काहींनी स्वतःच्या लहान कंपन्या उभ्या केल्या आहेत. महोत्सवाच्या तयारीच्या बैठकांत तुमची एक तक्रार वारंवार कानी आली: काम भरपूर आहे, पण डेटा इंजिनिअर मिळत नाहीत आणि मिळालेच तर परवडत नाहीत. मी मराठी विषयाची एम.ए., बी.एड.; तंत्रज्ञान हा माझा प्रांत नव्हे. परंतु माणसे घडवणे हे या वास्तूचे साठ वर्षांचे काम आहे. त्या अधिकाराने चार शब्द बोलते.

डेटा इंजिनिअर नेमके काय करतो, हे तुमच्याकडून समजून घेतले तेव्हा मला आपली प्रवेश नोंदवही आठवली. आपल्या नोंदवहीत मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. येथील तेलुगू पद्धतीत घराण्याचे नाव आधी येते. आधार कार्डावर तेच नाव इंग्रजीत असते आणि त्याचे स्पेलिंग आणखी वेगळे असते. यूडायसवर माहिती भरताना ही तिन्ही नावे एकाच मुलाची आहेत, हे कोणाला तरी पुराव्यानिशी ठरवावे लागते. दुसरे उदाहरण जन्मतारखेचे. जुन्या काळी मुलाची जन्मतारीख घरी ठाऊक नसली, की गुरुजी १ जून लिहीत. कित्येक मराठी आजोबांचा वाढदिवस त्यामुळेच १ जूनला येतो. यंत्राला ती तारीख बिनचूक वाटेल. नोंदवही ज्याने हाताळली आहे, त्याला तिथे थांबावेसे वाटेल.

तुमच्याकडे हेच काम लाखो, कोट्यवधी नोंदींवर चालते. बँकेच्या, रुग्णालयाच्या किंवा दुकानांच्या निरनिराळ्या प्रणालींतून माहिती आणायची, ती निवडायची, जुळवायची आणि ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी पोहोचवायची. अहवाल, अंदाज, कृत्रिम बुद्धिमत्ता हे सारे त्यानंतरचे. जलवाहिनी गळकी असेल, तर घरातला नळ कितीही चकचकीत असून उपयोग नाही.

मग अशी माणसे कमी का पडतात? महाविद्यालयात डेटाबेस हा विषय शिकवतात; परंतु चालत्या व्यवसायातील अस्ताव्यस्त माहिती वर्गात येत नाही. हे काम प्रत्यक्ष करता करताच येते. आणि ते करू देण्याआधी प्रत्येक कंपनी तीन-चार वर्षांचा अनुभव मागते. सल्ला-सेवा कंपनीची अडचण आणखी वेगळी आहे. तिचा ग्राहक माणशी तासाचे पैसे मोजतो, म्हणून त्याला पहिल्या दिवसापासून तयार माणूस हवा असतो. नवख्याला शिकवण्याचा खर्च कोणाच्याच हिशेबात बसत नाही. परिणामी सगळे एकमेकांकडील तयार माणसे अधिक पगार देऊन नेतात. एका घागरीतले पाणी दुसरीत ओतल्याने पाणी वाढत नाही. ओतताना थोडे सांडते एवढेच. या चढाओढीत मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांपुढे लहान कंपनी टिकणार नाही. तिला माणूस विकत घेणे परवडत नसेल, तर तो घडवणे हाच तिचा मार्ग आहे.

हे नवे नाही. विप्रोने १९९५ मध्ये पिलानीच्या बिट्स संस्थेच्या सहकार्याने विज्ञान पदवीधरांना नोकरी करता करता संगणकातील उच्च पदवी मिळवण्याची वाट करून दिली. झोहोने स्वतःची शाळाच सुरू केली. तिथे बारावी किंवा पदविका झालेल्या मुलांकडून शुल्क घेतले जात नाही, उलट त्यांना विद्यावेतन मिळते. एचसीएलने बारावीनंतरच्या मुलांसाठी ‘टेकबी’ कार्यक्रम चालवला. त्यात प्रशिक्षणाचे शुल्क असते. मात्र पुढे नोकरी आणि नोकरीबरोबर पदवी अशी सोय आहे. तिघांच्या पद्धती वेगळ्या असल्या, तरी एक गोष्ट समान आहे. त्यांनी गुणवत्तेची पायरी खाली आणली नाही. दार रुंद केले.

‘त्या मोठ्या कंपन्या, आम्ही पन्नास माणसांचे कार्यालय,’ असे तुम्ही म्हणाल. म्हणून लहान कंपनीला झेपेल असेच सांगते.

पहिली गोष्ट, कामाची वाटणी करा. डेटा इंजिनिअरच्या दिवसातील प्रत्येक तास तज्ज्ञाचा नसतो. नोंदी तपासणे, दोन तक्त्यांच्या बेरजा जुळतात का ते पाहणे, रात्री चाललेली कामे पूर्ण झाली की नाही हे सकाळी पाहणे, कोणत्या रकान्याचा अर्थ काय हे लिहून ठेवणे, ही कामे शिकणारा माणूस देखरेखीखाली नीट करू शकतो. तज्ज्ञाचा वेळ त्यामुळे रचनेसाठी मोकळा होतो.

दुसरी गोष्ट, शोध घरातून सुरू करा. तुमच्याच कंपनीत चाचणी, ग्राहक-साहाय्य किंवा हिशेब विभागात वर्षानुवर्षे माहिती हाताळणारी माणसे आहेत. त्यानंतर गणित-संख्याशास्त्रातील बी.एस्सी., बी.कॉम. आणि पॉलिटेक्निक झालेल्या मुलांकडे पाहा. जमा-खर्चाचा ताळेबंद जुळेपर्यंत ज्या मुलीला चैन पडत नाही, तिच्यात या कामाची वृत्ती आधीच आहे.

तिसरी गोष्ट, साधनांना पैसे पडत नाहीत. तक्त्यांच्या स्वरूपात माहिती ठेवण्याची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. तिच्यासाठीची एसक्यूएल ही भाषा १९७४ च्या सुमाराची. पन्नास वर्षे टिकलेली ही विद्या आजही या कामाचा पाया आहे. पोस्टग्रेस, पायथन, स्पार्क, एअरफ्लो ही साधने मुक्त आहेत. सराव साध्या संगणकावर, लहान माहितीसंचावर होतो. क्लाउडचे भाडे पहिल्या दिवसापासून भरण्याचे कारण नाही. सरावासाठी ग्राहकाची गोपनीय माहिती तर मुळीच वापरू नये. भारत सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर २०१२ पासून असे संच उपलब्ध आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात यातील काही पाठ मराठीतूनही ऐकता येतात.

चौथी गोष्ट, खरा खर्च ओळखा. तो शिकवणाऱ्याच्या तासांचा आहे. एका जाणत्या माणसाने चार शिकाऊंना रोज दोन तास दिले, तर सहा महिन्यांच्या सुमारे १२५ कामाच्या दिवसांत २५० तास होतात. म्हणजे माणशी साधारण ६२ तास. पहिले दोन महिने एसक्यूएल आणि तक्त्यांची रचना, पुढचे दोन पायथन आणि माहितीची तपासणी, शेवटचे दोन प्रत्यक्ष कामात जोडीने. हे २५० तास त्या माणसाच्या कामात अधिकृतपणे धरले पाहिजेत. ‘आपले काम सांभाळून जमेल तसे शिकवा’ असे सांगितले, तर शिकवणे होत नाही. शाळेत तरी तसे कधी झालेले मी पाहिलेले नाही. एकटीला हे जड जात असेल, तर चार लहान कंपन्यांनी मिळून एक वर्ग चालवावा.

पाचवी गोष्ट, कायद्याचा आधार घ्या. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. २०१४ च्या दुरुस्तीने तो अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरांनाही खुला झाला. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांनी २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात. ४ ते २९ माणसे असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. २०१६ च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिना १५०० रुपयांच्या मर्यादेत, सरकार उचलते. रक्कम लहान आहे. पण करार लेखी होतो आणि मुलाच्या हाती प्रमाणपत्र येते.

आता तुमचा आक्षेप: शिकवलेला माणूस निघून गेला तर? भीती खरी आहे. परंतु तिच्यावर जो उपाय केला जातो, त्याविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे. दोन वर्षांपूर्वी आपल्या एका माजी विद्यार्थिनीची आई कार्यालयात आली. मुलीला नोकरी लागली होती. मात्र कंपनीने दोन वर्षांचा बाँड लिहून घेतला होता आणि मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या होत्या. मुलीला पुढील शिक्षणासाठी अर्ज करायचा होता. शाळेकडून दाखल्याची दुसरी प्रत मिळेल का, हे विचारायला ती माउली दोन बस बदलून आली होती. दाखल्याची प्रत आम्ही त्याच दिवशी दिली. गुणपत्रिका आमच्या हाती नव्हत्या. शिक्षण देऊन कागद अडकवणे याला स्वस्तात माणूस घडवणे म्हणत नाहीत.

स्वस्त म्हणजे कोणासाठी स्वस्त, हा प्रश्न प्रत्येक योजनेला विचारला पाहिजे. कंपनीने वाचवलेला पैसा एखाद्या रिक्षाचालकाने कर्ज काढून अमीरपेठेच्या शिकवणीवर्गात भरला असेल, तर खर्च कमी झालेला नाही. बिल दुसऱ्याच्या नावे गेले आहे. आणि सहा महिने शिकलेल्या मुलाला ग्राहकापुढे तीन वर्षांचा अनुभवी म्हणून उभे करणे ही तर फसवणूकच. तिचा भार त्या मुलाच्या मनावर राहतो. त्यापेक्षा जाणत्यासोबत शिकाऊ येईल, त्याचा दर कमी असेल आणि जबाबदारी जाणत्याची असेल, असे ग्राहकाला सरळ सांगावे.

माणूस टिकतो तो सहा महिन्यांनी काय मिळेल, दोन वर्षांनी काय मिळेल, हे पहिल्या दिवशी लिहून दिल्याने आणि दिलेला शब्द पाळल्याने. तरीही काहीजण जातील. चारांपैकी एक गेला तरी तीन राहतात. आणि गेलेला या शहराच्या घागरीत एक ओंजळ नवे पाणी घालून जातो.

शेवटी आपल्या मुलांविषयी. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी गणिताचे पदवीधर असलेले काहीजण तुमच्यासारख्या कंपन्यांचे अर्ज भरू पाहतात, तेव्हा पदवीच्या यादीत अभियांत्रिकीशिवाय रकानाच नसतो. तो रकाना ओलांडला, तर इंग्रजीतील पहिली पाच मिनिटे त्यांना बाहेर काढतात. ग्राहकाशी बोलायला इंग्रजी लागते, हे मी नाकारत नाही. ते सुधारणे आमचे काम आहे आणि येत्या वर्षापासून आठवीपासूनच्या वर्गांना आठवड्यातून दोन तास केवळ इंग्रजी संभाषणासाठी आम्ही ठेवत आहोत. पण संभाषण सहा महिन्यांत सुधारते. विसंगती दिसली की थांबण्याची सवय लागायला वर्षे जातात, आणि ती मराठीतूनही लागते. म्हणून माझी विनंती अशी की निवडीची पहिली पायरी बोलण्याची नसावी. चुका असलेला एक तक्ता पुढे ठेवा आणि त्यातील चुका शोधायला सांगा. मुलाखत त्यानंतर घ्या.

सरावासाठी शाळा आपली साठ वर्षांची नोंदवहीच देऊ करते. नावे, पत्ते झाकून, संस्थेच्या परवानगीने, तिच्यातील प्रवेशवर्ष, इयत्ता, जन्मतारखा यांचा संगणकीय संच आपल्याच माजी विद्यार्थ्यांनी तुमच्या देखरेखीखाली तयार करावा. शाळेचे दप्तर सुरक्षित होईल आणि चार मुलांचे शिक्षण होईल.

महोत्सवानिमित्त शाळेला काय भेट द्यावी, असे तुमच्यापैकी अनेकांनी विचारले आहे. सभागृहाला पंखे मिळाले, ग्रंथालयाला कपाटे मिळाली. त्याबद्दल मी ऋणी आहे. आता तुमच्या कंपन्यांत दरवर्षी चार जागा द्या. त्या दयेच्या नकोत. परीक्षा कडकच घ्या. बाँड नको, शुल्क नको आणि शिकवणारा माणूस नेमून दिलेला असावा, एवढ्याच अटी. पहिली चार नावे येत्या जूनमध्ये मी तुमच्याकडे पाठवीन.