पदविका : एका लघुत्वदर्शक शब्दाची कैफियत



पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंतऋतूतील व्याख्यानांची जी प्रथा सुरू झाली, ती गावोगाव फिरत फिरत काशीदच्या या वाळूपर्यंत पोचावी, आणि निसर्ग वादळाच्या तडाख्यातून वाचलेल्या सुरूच्या झाडांखाली, पाहुण्यांच्या ऐन हंगामात, खोल्यांच्या किल्ल्या घरच्या कोणाच्या तरी हाती सोपवून आपण दोन घटका येथे येऊन बसावे, याचा मला मनापासून संतोष वाटतो. विषय मात्र मी रुक्ष निवडला आहे. तंत्रनिकेतनातील पदविका-अभ्यासक्रमाची आखणी कशी करावी, हा प्रश्न सामान्यतः सरकारी दप्तरातील मसुद्यांत, शेरे-मंजुरीच्या फेऱ्यांत वावरणारा आहे. तो समुद्रकाठी उघड्यावर काढला, तर वाऱ्याने कागद उडून जातील अशी शंका व्याख्यानमालेच्या चालकांनाही आली असावी. परंतु ज्यांची मुले त्या अभ्यासक्रमातून जायची, त्यांनी हे कागद एकदा हाती घेऊन पाहावेत, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

आरंभ शब्दापासूनच करतो. नाटकाची नाटिका झाली म्हणजे ती लहान होते, पुस्तकाची पुस्तिका होते तेव्हा तिची पाने कमी होतात. त्याच न्यायाने पदवीची पदविका झाली. ज्या पंडिताने हा प्रतिशब्द योजला त्याने व्याकरणाची चूक काहीच केली नाही, पण तीन वर्षे घाम गाळणाऱ्या मुलाच्या कपाळी त्याने लघुत्वाचा प्रत्यय कायमचा चिकटवून ठेवला. पदविका म्हणजे लहान पदवी, पदविकाधारक म्हणजे अपुरा राहिलेला अभियंता, आणि पदविकेचा अभ्यासक्रम म्हणजे पदवीच्या अभ्यासक्रमाला कात्री लावून उरलेला ऐवज, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे की आखणी करणाऱ्या समित्याही तिच्यापासून मुक्त नाहीत. माझी सारी तक्रार या कात्रीविरुद्ध आहे.

वस्तुतः या शिक्षणाचा जन्म कात्रीतून झालेला नाही. पुण्यात १८५४ च्या जुलै महिन्यात जो इंजिनिअरिंग क्लास उघडला आणि ज्याचे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले, तो इमारती, धरणे, कालवे आणि पूल यांच्या कामावर देखरेख करणारे दुय्यम अंमलदार तयार करण्यासाठी होता. म्हणजे आज ज्या संस्थेचे नाव आपण पदवीच्या वैभवाशी जोडतो, तिचा पाया ओव्हरसियरच्या गरजेवर घातला गेला. साहेबाचा नकाशा आणि गवंड्याची थापी यांच्यामध्ये एक माणूस लागतो, जो नकाशा वाचू शकतो आणि थापीही ओळखतो, हे कंपनी सरकारला चांगले कळत होते. मुंबईस १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था निघाली, तिच्या एल.एम.ई. या तीन अक्षरांना गिरण्यांत आणि कारखान्यांत एके काळी जे वजन होते, ते आजच्या कित्येक पदव्यांना नाही. त्यानंतर तीनच वर्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या कल्पकतेने बडोद्याचे कलाभवन उभे राहिले. रंगाईपासून यंत्रकामापर्यंतचे शिक्षण देशी भाषेतून देण्याचा आग्रह तेथे धरला गेला होता. चित्रपटवाल्या दादासाहेब फाळक्यांची जडणघडण ज्या ठिकाणी झाली त्यांत हे कलाभवनही होते, हे जाता जाता सांगितले म्हणजे तेथे केवळ कारकुनी तंत्रज्ञ घडत नव्हते, एवढे ध्यानात येईल.

मग कात्री आली कोठून? मी एका अभ्यासक्रम-समितीवर काही वर्षे बसलो आहे; संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण हा शिरस्ता सार्वत्रिक होता. टेबलावर पदवीचा अभ्यासक्रम उघडून ठेवावा, कठीण प्रकरणे गाळावीत, चार वर्षांचे तीन करावेत, अखेरीस कार्यशाळेचे तास मोजून पाहावेत आणि ते जास्त भरले तर त्यांतून इंग्रजी संभाषणाला जागा काढावी. दोन दिवसांत मसुदा तयार. त्या बैठकांत यंत्राला हात लावून पोट भरणारा एकही मनुष्य बोलावलेला मला आठवत नाही. आणि त्याला बोलवा असे मीही त्या वेळी सुचवले नाही, हे कबूल केले पाहिजे.

त्याचे फळ मला याच किनाऱ्यावर पाहावयास मिळाले. एका वाडीत पंप चालू होता, पण पाणी चढत नव्हते. घरातला मुलगा यंत्र-अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता, गुणही उत्तम. अपकेंद्री पंपाची व्याख्या, त्याची आकृती, त्याच्या कार्यक्षमतेचे सूत्र, सारे त्याला मुखोद्गत होते. शेजारच्या नारळी-पोफळीच्या बागेत राबणारा एक अर्धशिक्षित गडी आला, त्याने पंपाचा आवाज क्षणभर ऐकला, ‘हवा धरलीय’ एवढेच म्हणाला, नळी वर ओढून तळाचा फूटव्हॉल्व्ह बाहेर काढला (आपल्याकडे त्याला सर्रास ‘फुटबॉल’ म्हणतात, आणि मला ते नाव मुळाहून अधिक आवडते), त्यात अडकलेली काडी काढली, पंपात पाणी भरले आणि कळ दाबली. मुलगा खाली मान घालून उभा होता. दोष त्याचा नव्हता. तीन वर्षांत बिघडलेला पंप त्याच्यापुढे कोणी ठेवलाच नव्हता. प्रयोगशाळेतला पंप नेहमी चालूच असतो, कारण तो बंद पडला तर निरीक्षणाच्या वेळी शेरा मिळतो. पण त्या गड्याला सूत्र येत नाही, म्हणून दहा वाड्यांसाठी एकच पाणीयोजना करावयाची झाली तर किती अश्वशक्तीचा पंप घ्यावा हे त्यालाही सांगता येणार नाही. गड्याचा कान आणि मुलाचे सूत्र एकाच देहात नांदतील, तो आपला पदविकाधारक.

आखणी उलट्या टोकाने करावी लागते, ती यासाठी. आधी काम पाहावे, मग त्या कामाला लागणारे कसब, मग त्या कसबाखाली दडलेले शास्त्र, आणि सर्वांत शेवटी विषयांची नावे. कॅनडात १९६० च्या दशकात याची एक साधी रीत निघाली. ज्या धंद्याचा अभ्यासक्रम करावयाचा, त्या धंद्यातील आठ-दहा निष्णात कामकऱ्यांना एका खोलीत बसवावे, आणि तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय करता, ते एकेक काम एकेका चिठ्ठीवर लिहून भिंतीवर लावावे. प्राध्यापकाने तेथे लेखनिकाचे काम करावे आणि तोंड बंद ठेवावे. ही अट पाळणे कठीण, हे अनुभवाने सांगतो. प्रत्येक चिठ्ठीवर क्रियापद हवे. ‘विद्युत्सुरक्षेचे ज्ञान’ ही चिठ्ठी नव्हे; ‘अर्थिंग मोजून ते ठीक आहे की नाही ते सांगणे’ ही चिठ्ठी झाली. आपल्या तंत्रशिक्षण मंडळाने २०१७ पासून अमलात आणलेल्या योजनेत, विद्यार्थ्याला शेवटी काय करता आले पाहिजे यावर भर दिला आणि चौथ्या सत्रानंतर कारखान्यातील सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाची तजवीज केली. हा फेरबदल योग्य दिशेचा होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण कागदावरचे क्रियापद आणि हातातले क्रियापद यांत अंतर राहते. ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का असलेले सहा आठवड्यांचे दाखले मी तपासले आहेत. त्यांतील काही मुलांनी ते दुकान उघडे असलेले तरी पाहिले होते की नाही, याचा मला संशय आहे.

या बाबतीत आपल्याच मुलखात झालेला एक प्रयोग जरा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातील संशोधक. अमेरिकेत डॉक्टरेट घेऊन आलेले आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन-विभागात मोठ्या हुद्द्यावर काम केलेले. त्यांनी ते सारे सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम मांडला. शाळेत नापास होणारा मुलगा मंदबुद्धीचा नसून त्याला शिकवण्याची रीत मंद आहे, अशी त्यांची धारणा होती. तेथील ग्रामीण तंत्रज्ञानाची पदविका एक वर्षाची, निवासी, आणि आठवी उत्तीर्ण मुलालाही खुली. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे तिचे चार विभाग. हे विभाग पाहताच कोणाच्या लक्षात येईल की ही विद्यापीठातील शाखांची वाटणी नव्हे, खेड्यातील दिवसाची वाटणी आहे. मुलगा वेल्डिंग शिकतो ते कोणाच्या तरी दाराचे फाटक करताना. भूजलाचा शोध घ्यायला शिकतो ते शेतकऱ्याच्या रानात जमिनीचा विद्युत्-रोध मोजताना. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पाबळचे घुमटाकार घर पुनर्वसनाच्या कामी आले. गिऱ्हाईक खरे असल्यामुळे चूक झाली तर ती उत्तरपत्रिकेत लपत नाही, गिऱ्हाईक ती तोंडावर सांगते, आणि परीक्षकाचे निम्मे काम परस्पर होऊन जाते.

हा आश्रम पुण्याच्या ज्या भारतीय शिक्षण संस्थेशी निगडित राहिला, ती संस्था जे. पी. नाईकांची, आणि नाईक म्हणजे कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव, ज्या आयोगाने एका अभियंत्यामागे निदान अडीच तंत्रज्ञ हे प्रमाण १९७५ पर्यंत साधावे असे सांगितले होते. त्याच्या कितीतरी आधी त्यांनी कोल्हापूरकडील गारगोटीला मौनी विद्यापीठ उभारून स्थापत्य व ग्रामीण अभियांत्रिकीची पदविका खेड्याच्या मध्यभागी आणून ठेवली होती. दिल्लीच्या अहवालामागे गारगोटीची माती होती, म्हणूनच तो अहवाल मला अजून वाचवतो.

आता आपल्या दाराशी येऊ. या जिल्ह्यात कारखानदारीला धरून आखणी झालीच नाही असे नाही. थळचा खतकारखाना, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प यांच्या परिसरात लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाने पेट्रोकेमिकल अभियांत्रिकीची पदविका चालवली, हे उचितच झाले. पण साळावच्या पुलावरून अलीकडे आले, कोर्लई-बोर्ली मागे पडली, की कारखान्याचे धुराडे दिसत नाही; दिसतात मचवे, वाड्या, कॉटेजे आणि खारा वारा. या खाऱ्या वाऱ्याचा अभ्यासक्रम कोणी लिहिला आहे काय? लोखंड गंजते तेव्हा गंज मूळ धातूहून कितीतरी अधिक जागा व्यापतो, आणि आतूनच काँक्रीट फोडतो. म्हणून दहा वर्षांत स्लॅबच्या खालचे पापुद्रे गळू लागतात आणि मालक सिमेंटवाल्याला शिव्या देतो; वास्तविक मूळ दोष वाळूतील मिठाचा किंवा सळईवर राखलेल्या अपुऱ्या आवरणाचा असतो. जांभ्याच्या कातळात अर्थिंग लागत नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. पाहुण्याच्या न्हाणीघरातील गिझर आणि त्याचा जीव यांच्यामध्ये तेवढी एक तार असते. शोषखड्डा आणि विहीर यांत किती अंतर ठेवावे, मासळीच्या बर्फाचा पेटारा कसा बांधावा, मचव्याचे डिझेल इंजिन खाऱ्या पाण्याने थंड ठेवताना काय झिजते, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात जी छपरे उडाली त्यांतली किती केवळ खिळे आणि हूक चुकीचे म्हणून उडाली: यांतली प्रत्येक गोष्ट शास्त्र आहे, आणि यांतली प्रत्येक गोष्ट उपजीविकाही आहे. त्या वादळानंतर विजेचे खांब आडवे पडले, गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली, आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून पथके येईपर्यंत आपण वाट पाहत होतो, हे आपणांस मी काय सांगावे!

यावर एक आक्षेप येतो आणि तो विचारार्ह आहे. काशीदच्या मुलाला काशीदपुरतेच शिकवले तर तो येथेच जखडून पडेल. शहरातल्या मुलाला विशाल विद्या आणि आमच्या मुलाला गंज-खिळे, हा कोणता न्याय? मला हा आक्षेप बोचतो, कारण ‘व्यवसायशिक्षण’ या नावाखाली गरिबाच्या मुलाला पाटीऐवजी करवत देण्याचे पाप जगात पुष्कळ झाले आहे. पण मीठ आणि लोखंड यांचे वैर सगळ्या किनाऱ्यांवर एकच. ज्याला येथील सळई का गंजते हे रसायनाच्या भाषेत सांगता येते, त्याला कांडल्याचा धक्का आणि आखातातला नळमार्गही कळतो. स्थानिक वस्तूवरून शिकवावे, शिकवावे मात्र सार्वत्रिक तत्त्व. गणित कमी करा असे मी म्हणत नाही. गणित पंपापाशी आणून शिकवा, एवढेच म्हणतो.

पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, ही सवलत मला हवीच आहे, दार बंद असू नये. पण त्या दारामुळे तीन वर्षे ही केवळ वाट होऊन बसली आहेत, आणि वाटेवर कोणी घर बांधीत नाही. शिक्षकाविषयी थोडक्यात सांगतो: ज्याने पाच वर्षे कोठे तरी हात काळे केले नाहीत, त्याला कार्यशाळेच्या किल्ल्या देऊ नयेत. भाषेविषयी त्याहूनही थोडक्यात. अलीकडे मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक पर्याय निघाला आहे. बडोद्यात गज्जरांनी जे १८९० ला ओळखले, तेथवर आपण येऊन पोचलो.

आणि आता एक विनंती. व्याख्यान संपले म्हणजे माझे काम संपले असे मी मानीत नाही. उद्या सकाळी नऊ वाजता मी याच मंडपात बसणार आहे. गावातील नाखवे, इंजिन दुरुस्त करणारे, वायरमन, प्लंबर, गवंडी, बर्फाचा धंदा करणारे, आणि कॉटेजे चालवणाऱ्या भगिनी, ज्यांना कोणत्या वस्तू कधी आणि कशा बिघडतात हे सर्वांत आधी कळते, अशा आठ-दहा जणांनी अर्धा दिवस द्यावा. लिहिता येत नसेल त्यांनी सांगावे, मी लिहीन. मध्ये बोलणार नाही, हा शब्द अध्यक्षांच्या साक्षीने देतो. कोऱ्या चिठ्ठ्या आणि टाचण्या मी अलिबागहून बरोबर आणल्या आहेत.