घरच्यासारखी

आजचा माझा विषय ऐकून, याचा सोलापूरशी काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात येण्याचा संभव आहे. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनी मुलांच्या संगोपनासाठी अथवा वृद्धांच्या शुश्रूषेसाठी तिसऱ्याच देशातील बाई घरी राहावयास ठेवली, तर तिच्याशी कोणत्या रीतीने वागावे, हा तो विषय होय. आपल्या शहरातील पुष्कळ सुशिक्षित घरांतील मुलगा किंवा मुलगी आज सिंगापूर, दुबई अशा ठिकाणी नोकरीस आहे. नातवंडाचे आगमन झाले की येथून आजी-आजोबा शेंगाचटणीचे डबे बांधून तिकडे प्रयाण करतात. तेथे दार उघडते ती पुष्कळदा फिलिपाइन्स, इंडोनेशिया किंवा म्यानमार येथून आलेली एक परकी बाई असते. त्याच छपराखाली ती राहते, बाळाला न्हाऊमाखू घालते, आजोबांना औषध देते, आणि सर्वांच्या मागून निजते. तेव्हा हा प्रश्न परदेशाचा असला, तरी तो आपल्याच घरातला आहे.

खुद्द भारतात तो सहसा उद्भवत नाही. ज्या कामास येथील माणसे विपुल मिळतात, त्या कामासाठी परकीयांस रोजगाराचा व्हिसा द्यावयाचा नाही, असे आपल्या सरकारचे धोरण आहे. त्यामुळे परदेशातील बाई घरी ठेवण्याचा अनुभव आपल्याला नवा. मात्र नोकर ठेवण्याची सवय आपल्याला जुनी आहे, आणि तीच सवय सामानाबरोबर आपण तिकडे नेतो.

या व्यवहारास इतिहासही आहे. ‘आया’ हा शब्द आपल्या भाषांत पोर्तुगीजांकडून आला. इंग्रजी अमदानीत मुंबई, मद्रास, कलकत्ता या बंदरांतून गोऱ्या कुटुंबांबरोबर आपल्याकडील आया विलायतेस जात. बोटीवर लागलेल्या मुलांना सांभाळावे, मडमेची शुश्रूषा करावी, आणि सागरप्रवास सुखरूप पार पाडावा, हे त्यांचे काम. विलायतेचा किनारा लागला, की काही आयांचे काम संपे आणि त्याबरोबर मालकांची आस्थाही संपे. परतीचे भाडे हाती न ठेवता त्यांना रजा दिली जाई. अशा निराधार स्त्रियांसाठी लंडनमध्ये ‘आयाज् होम’ नावाचे वसतिगृह चालत असे. १९०० साली ते हॅकनी भागातील किंग एडवर्ड्स रोडवर आले. त्या इमारतीवर जून २०२२ मध्ये निळी स्मरणपट्टिका बसविण्यात आली. एका वसतिगृहाची गरज भासावी, इतक्या बायकांना परतीचे तिकीट मिळाले नव्हते, हा त्या पट्टिकेचा खरा अर्थ आहे. त्या वेळी आपण सेविकेच्या बाजूस होतो. आज आपली काही मुले मालकाच्या बाजूस आहेत.

आता सिंगापूरचे उदाहरण घेऊ, कारण तेथे या गोष्टीचे नियम स्पष्ट लिहिलेले आहेत. घरकामासाठी परदेशातून यावयाच्या बाईचे वय किमान २३ वर्षे असावे लागते आणि तिचे निदान ८ वर्षांचे शालेय शिक्षण झालेले असावे लागते. पहिल्या वेळी आलेल्या बाईस प्रारंभी एक लहानसा शिक्षणवर्ग करावा लागतो. पहिल्यांदाच सेविका ठेवणाऱ्या मालकासही तसाच वर्ग सक्तीचा आहे, हे ऐकून माझ्यासारख्या जुन्या शिक्षकास समाधान वाटले. मालकास ५,००० सिंगापुरी डॉलरचा जामीन द्यावा लागतो, सरकारचा मासिक आकार भरावा लागतो, तिच्या औषधपाण्याचा व विम्याचा खर्च सोसावा लागतो, आणि परत पाठविण्याचे भाडेही त्यानेच द्यावयाचे असते. तेव्हा केवळ पगाराचा आकडा पाहून हिशेब मांडणाऱ्याचा हिशेब चुकतो. इतका भार झेपत नसेल, तर बाई न ठेवणे हेच बरे. आपली ओढाताण तिच्या ताटातील भाकरीतून भरून काढणे बरे नव्हे.

परंतु नियम सांगण्याकरिताच मी येथे आलो नाही. मला एका शब्दाविषयी बोलावयाचे आहे. परदेशाहून परतलेल्या गृहिणीस विचारा, “तुमच्याकडील बाई कशी आहे?” ती कौतुकाने म्हणते, “अगदी घरच्यासारखी आहे हो!” हा शब्द मायेचा आहे, यात शंका नाही. पण मी उभ्या हयातीत मुलांना मराठी शिकविले, म्हणून या शब्दाकडे थोडे निरखून पाहण्याची मला सवय आहे. उपमा कोठे संभवते? जेथे दोन वस्तू भिन्न असतात तेथे. मुखाला चंद्रासारखे म्हणावयाचे, ते मुख म्हणजे चंद्र नव्हे म्हणूनच. आपल्या लेकीस आपण ‘लेकीसारखी’ कधी म्हणत नाही. ‘सारखी’ म्हटले, की ती घरची नव्हे हे आपणच कबूल केलेले असते.

मग या शब्दाने घडते काय? घरच्या माणसास रविवारची सुटी कशाला, असे आपण म्हणतो. घरच्या माणसाने घड्याळाकडे का पाहावे? रात्री दोन वाजता आजींनी हाक मारली, तर घरचे माणूस उठणारच. घरच्या माणसाशी कागद कसला करावयाचा? याप्रमाणे घरच्या माणसाची सारी कर्तव्ये तिच्या वाट्यास येतात. आणि घरच्या माणसाचे हक्क? पंगतीतील जागा, निर्णयातील शब्द, आजारात हक्काने झोपून राहण्याची मुभा, वडिलार्जित मिळकतीतील वाटा? त्या वेळी मात्र ती नोकर असते. एकाच दिवसात सकाळी घरची आणि संध्याकाळी परकी, अशी ही सोयीची व्याकरणपद्धती आहे, आणि ती फार सज्जन घरांतूनही चालते. दुष्ट मालकाविरुद्ध कायदा आहे, पण मायाळू मालकाच्या विसराळूपणाविरुद्ध तिने कोणाकडे दाद मागावी?

सोलापूरकरांना हा मुद्दा समजावयास कठीण जाऊ नये. आपले शहर गिरणीच्या भोंग्यावर वाढले. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी निघाली, जिला पुढे सारे शहर जुनी गिरणी म्हणू लागले. त्या काळी गिरणी कामगाराला आठवड्याची सुटी ठाऊक नव्हती. १८८४ साली मुंबईत रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची सभा भरवून मागण्या केल्या. दर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि वेळच्या वेळी पगार, एवढ्या त्या साध्या होत्या. साप्ताहिक सुटी पदरात पडावयास १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. गिरण्यांचे भोंगे आज मुके झाले आहेत, परंतु भोंग्याचा एक गुण विसरता येत नाही. तो जसा कामावर बोलावी, तसाच ‘आता पुरे, घरी जा’ असेही सांगे.

घराला भोंगा नसतो. जी बाई कामाच्या ठिकाणीच निजते, तिने कोठे जावे? सिंगापुरात अशा सेविकेस आठवड्यातून एक दिवस विश्रांती देण्याचा नियम १ जानेवारी २०१३ पासून लागू झाला. मुंबईच्या गिरणी कामगारास जे १८९० साली मिळाले, ते तिला मिळावयास सव्वाशे वर्षे गेली. तरीही तिच्या संमतीने सुटीऐवजी पैसे देण्याची सवलत मालकास राहिली. परक्या देशात एकटी असलेली, घरी पैसे पाठविणारी बाई संमती नाकारील कशी? म्हणून २०२३ पासून निदान महिन्यातील एक सुटी पैशांत मोडता येत नाही, असा नियम करावा लागला.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली घरकाम करणाऱ्यांसाठी एक करार संमत केला आहे. त्याच्या मुख्य अटी कोणासही पटण्यासारख्या आहेत. परदेशी जाण्यापूर्वी बाईच्या हाती लेखी करार अथवा नोकरीचा लेखी प्रस्ताव असावा. आठवड्यात सलग २४ तास विश्रांती असावी. सुटीचा वेळ तिने मालकाच्या घरातच काढावा, अशी सक्ती नसावी. आणि पारपत्र तिचे तिच्याजवळच असावे. या शेवटच्या अटीवर पुष्कळ सज्जन अडखळतात. “हरवेल म्हणून आम्ही कपाटात ठेवले आहे,” असे ते म्हणतात. हेतू चांगला असेलही, परंतु ज्या कपाटाची किल्ली तिच्याजवळ नाही, त्या कपाटात ठेवलेले पारपत्र ठेव राहत नाही, ते तारण होते.

कागद केला म्हणजे माया आटते, ही समजूत मात्र निराधार आहे. सँड्रा सॅम्युएल यांचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. मुंबईतील नरिमन हाउसमध्ये होल्ट्झबर्ग या यहुदी दांपत्याच्या मुलास त्या सांभाळीत असत. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ते दांपत्य मारले गेले, आणि या बाईंनी दोन वर्षांच्या मोशेला उचलून स्वतःच्या जिवाची पर्वा न करता बाहेर आणले. पुढे बाळाबरोबर त्या इस्राएलला गेल्या. २०१० साली त्या देशाने त्यांना सन्मानाचे नागरिकत्व दिले. येथे प्रेम विकत घेतलेले नव्हते, ते कोणत्याही करारात लिहिता आले नसते. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांची स्वतःची मुले मुंबईत राहिली होती. दुसऱ्याचे मूल कडेवर घेणाऱ्या प्रत्येक बाईच्या मागे असे एक घर असते, आणि तिचे लक्ष तिकडेही लागलेले असते. तिला मुलांशी बोलावयास रोज ठराविक वेळ मिळावा, हे औदार्य नव्हे, नुसती समज आहे.

सांभाळ करवून घेणाऱ्या कुटुंबाची काळजीही मी हलकी मानीत नाही. आपले म्हातारे आईबाप अनोळखी हातांत सोपविताना छाती धडधडते. म्हणून निवड करताना घाई करू नये. पूर्वीच्या मालकांकडे चौकशी करावी, बाईशी स्वतः बोलावे, वृद्धास उचलणे, स्नान घालणे, औषधाच्या वेळा सांभाळणे यांचे शिक्षण तिने घेतले आहे काय ते पाहावे. पहिले काही दिवस घरातील कोणीतरी जवळ राहावे. आजोबांस कोणत्या औषधाने त्रास होतो आणि अडचणीत कोणास बोलवावे, हे तिला वाचता येईल अशा भाषेत लिहून द्यावे. आणि मुख्य म्हणजे बाई आली, म्हणून मुलांनी आईवडिलांजवळ बसणे सोडू नये. पगार देऊन शुश्रूषा मिळते, लेकाची विचारपूस मिळत नाही.

शेवटी थोडे उलट दिशेने पाहू. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली सोलापूरची नाळ मागे ठेवून चीनमध्ये जखमींच्या सेवेस गेले आणि १९४२ साली तेथेच निवर्तले. त्या देशाने त्यांची समाधी बांधली. आजही आपल्या देशातील सहस्रावधी माणसे परक्या वृद्धांची सेवा करावयास समुद्रापार जातात. इस्राएलमध्ये २०२३ साली सुमारे १८,००० भारतीय नागरिक होते आणि त्यांतील बहुसंख्य हेच काम करीत होते. या बायामाणसांना समाधी नको आहे, आठवड्याची सुटी हवी आहे. आपल्या परिचयातील कोणी मुलगी अशा कामास जाणार असेल, तर दलाल सरकारकडे नोंदलेला आहे काय, ते प्रथम पाहावे. नोंदणीकृत दलालास ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेण्याचा अधिकार नाही. दहावी उत्तीर्ण न झालेल्या व्यक्तीस आखाती देशांसह काही ठराविक देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची अनुमती लागते, आणि अशा स्त्रीचे वय ३० पूर्ण नसेल तर घरकामासाठी ती मिळत नाही. मॅट्रिकच्या दाखल्याचे मोल मी आजवर मुलांना अनेक रीतींनी सांगितले आहे, ही त्यात आणखी एक भर.

त्या मुलीला निरोप देताना तिची आई काय मागेल? पारपत्र तिच्या पिशवीत असावे, पगार वेळेवर बँकेत पडावा, निजावयास कडी लावता येईल अशी जागा असावी, आठवड्यात एक दिवस तिचा असावा, आजारपणात डॉक्टर मिळावा, आणि काम संपल्यावर परतीचे तिकीट मिळावे. फिलिपाइन्समधील आईही विमानतळावर नेमके हेच मागत असते. या सहा गोष्टी एका कागदावर लिहाव्यात, दोन्ही बाजूंनी सही करावी, आणि एक प्रत तिच्या हाती द्यावी. मग खुशाल तिला सणाला साडी द्या, शेंगाचटणीची चव दाखवा, नातवाला तिच्याकडून तिच्या भाषेतील गाणे शिकू द्या. कागदाने हक्क पुरा झाल्यावर जी माया उरते, ती निर्मळ असते.

आपल्यापैकी ज्या आजी-आजोबांचे परदेशी जाण्याचे घाटत असेल, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. तेथे पोहोचल्यावर त्या बाईचे पूर्ण नाव विचारून घ्या, आणि तिची सुटी कोणत्या वारी असते तेही विचारा. त्या दिवशीचा चहा आपण स्वतः करावा.