फॉरवर्ड करण्याआधी एक फोन

सावंगीच्या विनोबा भावे रुग्णालयात गावोगावचे रुग्ण येतात. 'तातडीने रक्त हवे' असे मेसेज आपल्या सगळ्यांच्याच मोबाइलवर येतात. आपण फॉरवर्ड करतो आणि सवाब मिळाला असे समजतो. पण मेसेजवर तारीख नसते. रुग्ण घरी जातो, कधी तो या जगातही उरलेला नसतो, तरी त्याच्या भावाचा फोन वाजतच राहतो.

प्लेटलेट साधारण 5 दिवस टिकतात. मेसेज वर्षभर फिरतो. म्हणून आधी फोन करून विचारा. तारीख लिहा. गरज भागली की तसे कळवा.

आणि वय 18 पूर्ण असेल, तब्येत ठणठणीत असेल, तर स्वतः जा. पुरुषांना दर 3 महिन्यांनी, स्त्रियांना 4 महिन्यांनी रक्त देता येते.

आज निघण्याआधी वहीत नाव आणि रक्तगट लिहून जा.