काळजीच्या दिवसांतील जेवण

घरावर चिंतेचें सावट आलें कीं पहिला फरक पडतो तो जेवणांत. एकाला ताटावर बसवत नाहीं. दुसऱ्याला मध्यरात्रीं फरसाणाचा डबा बरोबर सांपडतो. ही केवळ मनाची दुर्बलता नव्हे. अकस्मात् भय वाटलें म्हणजे अ‍ॅड्रिनॅलिन नांवाचा स्राव रक्तांत मिसळतो, जठराचें काम मंदावतें आणि भूक मरते. तीच चिंता आठवडेच्या आठवडे टिकली म्हणजे कॉर्टिसॉल हा दुसरा स्राव वाढलेला राहतो व पुष्कळांची जीभ गोडाकडे आणि तळलेल्याकडे धांवूं लागते. तेव्हां अशा दिवसांत भूक हा भरंवशाचा वाटाड्या उरत नाहीं. मोजकें व हितकर अन्न घेतलें तरी चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांच्या योगानें तें पचत नाहीं, असें चरकसंहितेच्या विमानस्थानांत सांगितलेंच आहे.

मग अशा वेळीं माणसानें जेवावें तरी कसें? याचें उत्तर आपल्या समाजानें एका रूढींत घालून ठेविलें आहे. ज्या घरीं मृत्यु झाला तेथें त्या दिवशीं चूल पेटत नाहीं. शेजारी व आप्त पिठलें, भात, भाकरी करून आणतात आणि घरच्यांना बसवून दोन घांस खावयास लावतात. यालाच कडू घांस म्हणतात. भूक आहे काय, असें तेथें कोणी विचारीत नाहीं. काय खावें, केव्हां खावें हें ठरविण्याचें ओझें दुःखिताच्या माथ्यावरून कांहीं काळ दुसरा उचलतो. रूढींची थट्टा करणें मलाहि आवडतें. परंतु या रूढीची थट्टा करण्यास जीभ वळत नाहीं.

सन २०२० मध्यें ही रूढीच कुंठित झाली. २४ मार्चच्या रात्रीं टाळेबंदी जाहीर झाली; पुढें अंत्यविधीस वीसांहून अधिक माणसें जमूं नयेत असा नियम आला. आमचें तळवली हें ठाण्याच्या खाडीलगतचें आगरी-कोळ्यांच्या वस्तीचें गांव. भातशेतें नव्या मुंबईसाठीं व कारखान्यांसाठीं गेलीं, तरी पावसाळ्यापूर्वीं आगोटीची बेगमी करण्याची संवय जुन्या घरांतून गेलेली नाहीं. त्यामुळें मे महिन्यांत वाशीचा घाऊक बाजार कांहीं दिवस बंद पडला तेव्हां ज्या घरीं तांदूळ व सुका जवळा शिल्लक होता, तेथें भाकरी-कालवणाची वेळ फारशी चुकली नाहीं. जवळच्या इमारतींत सामान होतें, पण वेळ मोडली होती. संगणकापुढें बसल्या बसल्या अकराला बिस्किटें, चारला जेवण, आणि मधल्या वेळांत चहा.

कठीण गेलें तें रोग झालेल्या घरांना. कित्येकांची चव व वास दोन्ही नाहींशीं झालीं होतीं. त्यांना अन्न म्हणजे कापूस. कोणी दगावलें तर कडू घांस भरवावयास जाणार कोण? येथें लोकांनीं एक तोड काढली. डबा दाराच्या कडीला अडकवावयाचा, खालीं येऊन दूरध्वनि करावयाचा आणि "बसलांत का, काका? घ्या एक घांस, मी ऐकतों आहें," असें म्हणत पलीकडचें जेवण होईपर्यंत बोलत राहावयाचें. भातापेक्षां त्या बोलण्यानें अधिक काम केलें, असें माझें मत आहे.

ताटांत काय असावें याचा फार ऊहापोह नको. २६ जानेवारी २०२० रोजीं राज्य शासनानें दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू केली व टाळेबंदींत ती पांच रुपयांना दिली. तींत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात असे. योजनेंतील उणिवा शोधणारे खुशाल शोधोत. काळजीनें ग्रासलेल्या घराला हें माप पुरेसें आहे. तेंहि न झालें तर मुगाची खिचडी आणि ताक. वेळा मात्र घड्याळानें ठरवाव्या, भुकेनें नव्हे. आणि तेवढा वेळ बातम्या बंद ठेवाव्या. फरसाणाचा डबा उंच फळीवर गेला तर बरें. परीक्षेच्या दिवसांत मुलांनाहि हेंच लागू आहे.

मधुमेह असणारांनीं अधिक जपावें. औषध किंवा इन्सुलिन घ्यावयाचें आणि काळजीपोटीं जेवण टाळावयाचें, यानें रक्तांतील साखर एकदम उतरून घेरी येऊं शकते. भूक दोन-तीन आठवडे परतली नाहीं, वजन उतरूं लागलें, तर डॉक्टरांस दाखवावें. तेथें खिचडीचा उपाय पुरत नाहीं.

आणखी एक माणूस आपण विसरतों. रुग्णालयांतील रोग्याला वेळेवर पथ्याचें अन्न मिळतें. बाहेर बांकावर बसलेला त्याचा भाऊ किंवा मुलगी सकाळपासून चहावर असते. भेटीस जातांना रोग्यासाठीं फळें नेतां, तेव्हां त्या बांकासाठीं पोळी-भाजीचा डबा न्यावा, आणि डबा उघडला जाईपर्यंत तेथें बसावें.